खानापूरच्या दवाखान्यात ओपन ईएमआर : तीन पावसाळ्यांनंतर

बाबांनी १९८४ साली बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात दवाखाना काढला तेव्हा केसपेपर आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावले नाहीत, गावाप्रमाणे लावले. जांबोटीचा एक कप्पा, कणकुंबीचा एक, मग गुंजी, लोंढा, नंदगड, हलशी, इटगी, बिडी. कप्प्यात पुन्हा घरागणिक गठ्ठे. कुणी आजी दारात आली की कंपौंडरकाका विचारायचे, "गाव कुठलं? घरातलं आधी कोण येऊन गेलंय?" तिचं सांगून व्हायच्या आत काकांचा हात बरोबर गठ्ठ्यावर असायचा.

मी २०१६ पासून इथं बसते. गेली तीन वर्षं दवाखान्याचं सगळं काम ओपन ईएमआर या, पेशंटच्या नोंदी ठेवायच्या, प्रोग्रामवर चाललंय. तालुक्यातले, चंदगडकडचे आणि गोव्यातले डॉक्टर मित्र सारखे विचारतात, कसा आहे, घ्यावा का. म्हणून एकदा नीट लिहून काढते. प्रोग्राम कसा आहे हे मी काकांच्या त्या हाताशी ताडून बघितलंय. पेशंट दारात असताना, बाहेर धो धो पाऊस आणि लाईट गेलेली असताना, त्या माणसाचा जुना कागद माझ्यापुढं येतो की नाही? बाकी सगळं त्याच्यानंतर.

याआधी आम्ही एक विकतचा प्रोग्राम घेतला होता, इंटरनेटवर चालणारा. वर्षाला बारा हजार रुपये. दिसायला देखणा, मोबाईलवरही उघडायचा, पेशंटला आपोआप मेसेज जायचा. पहिले आठ महिने मी खुशीत होते. मग जुलै आला. खानापूरचा जुलै ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की चोर्ल्याच्या रस्त्यावर झाडं पडतात, तारा तुटतात, टॉवरची बॅटरी उतरते आणि नेट जातं. त्या वर्षी दोन दिवस सलग नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंजीकडच्या एक आजी आल्या. "बाई, उन्हाळी लागलीया बघा, अंगात कणकण बी हाय." मागं कुठली गोळी दिली होती, कुठली सोसली नव्हती, त्यांना काहीच आठवेना. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. मी चिठ्ठीवर कोट्रायमोक्साझोल लिहिलं. तेवढ्यात काका मागच्या खोलीतून बाबांच्या हातचा केसपेपर घेऊन आले. वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलेलं, खाली दोन रेघा : "सल्फा नको. १९९८, अंगभर फोड."

कोट्रायमोक्साझोलमध्ये सल्फाच असतं. मी ती चिठ्ठी फाडली.

लाल शाईतली ती नोंद आम्ही त्या विकतच्या प्रोग्रामात चढवली होती बरं का. कामात कसूर नव्हती. पण ती नोंद कुठल्या तरी लांबच्या शहरात ठेवलेली आणि मी इथं पावसात. त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं, की आपल्या पेशंटची माहिती आपल्याच भिंतींच्या आत असायला हवी.

सोडायची वेळ आली तेव्हा दुसरी गोष्ट कळली. "आमची माहिती परत द्या" म्हटल्यावर प्रत्येक पेशंटची एकेक पीडीएफ आली. एकोणीसशे पेशंट, एकोणीसशे फाईली. तक्त्याच्या रूपात, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममध्ये सरळ भरता येईल अशी, काही मिळेना. काकांनी आणि आमच्या नर्सताईंनी चार महिने बसून ती सगळी हातानं भरली. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल केलेल्या पेशंटचे कागद तीन वर्षं सांभाळायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची जबाबदारी डॉक्टरची आहे, प्रोग्राम विकणाऱ्याची नाही. म्हणून कुठलाही प्रोग्राम घ्यायच्या आधी पहिला प्रश्न हा विचारा : उद्या मी सोडून निघाले तर माझी माहिती कुठल्या रूपात हातात देणार? उत्तर तोंडी घेऊ नका, दहा पेशंटची खोटी नावं भरून प्रत्यक्ष काढून दाखवायला सांगा.

आता ओपन ईएमआर. हा मुक्तस्रोत प्रोग्राम आहे, म्हणजे फुकट आहे आणि त्याचा आतला मजकूरही कुणालाही उघडून बघता-बदलता येतो. पीएचपी ही प्रोग्राम लिहायची भाषा आणि मायएसक्यूएल हा माहितीचा साठा, ही त्याची बैठक. या दोन गोष्टी इतक्या सर्रास शिकवल्या जातात की बेळगावातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजचा मुलगा त्यात हात घालू शकतो. आमच्याकडं माझ्या भाच्यानं दोन रविवार बसून तो चढवून दिला. चौदा हजारांचा जुना डेस्कटॉप घेतला, त्यावर उबुंटू ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, एक साधा राउटर जोडला आणि हे सगळं इन्व्हर्टरवर घेतलं. काकांच्या टेबलावर एक मशीन, माझ्याकडं एक, इंजेक्शनच्या खोलीत एक टॅब. तिन्हींवर ब्राउझर उघडतो आणि मागच्या खोलीतल्या डेस्कटॉपशी बोलतो. बाहेरच्या नेटची गरजच नाही. हेस्कॉमची लाईट गेली तरी पाच तास आमचं काम अडत नाही.

ओपन एमआरएस आणि बहमनी हे असेच दुसरे दोन मुक्तस्रोत प्रोग्रामही आम्ही बघितले होते. दोन्ही आपल्यासारख्या देशांतल्या गरजेतून वाढलेले आहेत. ओपन एमआरएसचं काम २००४ मध्ये सुरू झालं. केनियातल्या एल्डोरेटला एचआयव्हीचे पेशंट झपाट्यानं वाढत होते, कागद पुरेनात, त्यातून त्याची गरज पुढं आली. बहमनी तर आपल्याच देशातलं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगचं हॉस्पिटल आहे, दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी खेड्यात जाऊन उभं केलेलं. त्यांच्या ओपीडी, लॅब आणि औषधाच्या खिडकीसाठी ओपन एमआरएसच्या पायावर बहमनी बांधलं गेलं. मला त्याबद्दल फार आदर आहे. तुमचं वीस-तीस खाटांचं हॉस्पिटल असेल, लॅब आणि मेडिकल स्टोअर घरचं असेल, तर आधी तेच बघा. आमच्यासारख्या एक डॉक्टर, एक कंपौंडर, एक नर्स एवढ्या दवाखान्याला मात्र ते अंगापेक्षा मोठं होतं, म्हणून ओपन ईएमआर घेतला.

आता त्या हाताची गोष्ट. आमच्याकडं नावानं माणूस शोधणं ही साधी गोष्ट नाही. पश्चिमेकडची जंगलातली गावं मराठी, इटगी-बिडीकडची कन्नड, आणि भट्टीवर विटा-कौलं करायला आलेली माणसं आणखी कुठलीकुठली. लक्ष्मी हे नाव इंग्रजीत लिहिताना कुणी एक्स घालतं, कुणी केएसएच. तीच बाई कन्नड घरात लक्ष्मव्वा, रेशनकार्डावर लक्ष्मीबाई. यल्लाप्पा लिहिताना वायच्या पुढं ए घालायचा की ई, यावर दवाखान्यातल्या तिघांचं कधी एकमत झालं नाही. लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं, बाळंतपणाला माहेरी आली की पुन्हा जुनं सांगते. मोबाईल नंबर म्हणावा तर घरात एकच फोन आणि तोही मुलाबरोबर म्हापशाला.

ओपन ईएमआरमध्ये पेशंटच्या माहितीत एक्स्टर्नल आयडी म्हणून एक रकाना आहे. त्यात आपल्याला हवं ते लिहिता येतं. आम्ही त्यात बाबांच्या पद्धतीचा नंबर घातला : गावाची दोन अक्षरं, घराचा आकडा, मग माणसाचा आकडा. जांबोटीच्या सतराव्या घरातली तिसरी व्यक्ती. आता काका अजूनही तोच प्रश्न विचारतात, "गाव कुठलं? घरातलं आधी कोण येऊन गेलंय?" आणि गाव-घराची अक्षरं टाकली की त्या घरातली सगळी माणसं एकाखाली एक येतात. आजी, सून, नातू. मला वैद्यकीयदृष्ट्याही याचा फार उपयोग होतो. नातवाला खोकला म्हणून उघडावं तर वरच्या ओळीत आजोबांचा क्षयरोगाचा उपचार दिसतो, आणि मी जागी होते. घड्याळ लावून बघितलंय, जुनी केस सापडायला दहा-बारा सेकंद लागतात. काकांच्या हाताला तेवढेच लागायचे.

जन्मतारखेची अडचण सगळ्यांनाच येते. प्रोग्रामला पूर्ण तारीख लागते आणि आजी सांगते, "७२ च्या दुष्काळात मी आईच्या काखेत होते." अशांना आम्ही वर्षाचा अंदाज बांधून १ जानेवारी टाकतो आणि शेऱ्यात "वय अंदाजे" असं लिहितो. तो शेरा विसरू नका. मूत्रपिंडाच्या कामाचा हिशेब करताना किंवा औषधाचा डोस ठरवताना पाच-दहा वर्षांचा फरक महत्त्वाचा ठरतो.

प्रोग्राम मुळात अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या रीतीवर बेतलेला आहे, हे उघडल्या उघडल्या कळतं. वंश, विमा कंपनी, सोशल सिक्युरिटी नंबर असे रकाने पुढं येतात. पण लेआउट एडिटर नावाची सोय आहे, तिच्यातून नको ते रकाने झाकता येतात आणि हवे ते घालता येतात. आम्ही घातलेले : बोलायची भाषा, कामाचं ठिकाण (शेत, भट्टी, गोवा), आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा आकडी आभा नंबर (आरोग्याच्या ओळखीचा), ज्यांच्याकडं असेल त्यांच्यासाठी. वजन किलोत आणि ताप हवा त्या मापात यावा म्हणून सेटिंगमध्ये एकदा बदल करावा लागतो. हे पहिल्याच दिवशी करा. बिलाचा भाग अमेरिकन विम्याच्या दाव्यांसाठी रचलेला आहे, आपल्याकडच्या रोख पन्नास-शंभर रुपयांच्या फीला त्याचा काही उपयोग नाही. पैशाची वही काका वेगळी ठेवतात. अजून काही अडलेलं नाही.

तक्रार लिहायच्या बाबतीत मी फार हट्टी आहे. बऱ्याच प्रोग्राममध्ये तक्रारींची तयार यादी असते, त्यातून टिचकी मारून निवडायची. पण मळमळतंय आणि कळमळतंय हे एक नव्हे. गरगरतंय म्हणणारी बाई आणि डोळ्यांपुढं अंधारी येतेय म्हणणारी बाई यांना मी वेगवेगळं तपासते. छातीत चमक निघते आणि छातीवर दगड ठेवल्यागत होतं, यातलं दुसरं ऐकलं की मी आधी ईसीजीचं मशीन ओढते. ओपन ईएमआरमध्ये मोकळ्या जागेत देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिपी चालतात. पेशंट म्हणेल तसं लिहायचं, "ज्वरा बंदावरी" (ताप आलाय) तर ज्वरा बंदावरी. निदानाला मात्र आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला, कोड देते. टाईप २ मधुमेहाला ई ११, रक्तदाबाला आय १०. तोंडचे शब्द त्यांचे आणि कोड जगाचा, दोन्ही एकाच पानावर राहतात.

कोडांचा फायदा पहिल्या वर्षाअखेरीस कळला. रक्तदाब आणि मधुमेहाचे सगळे पेशंट एका यादीत आले, आणि गेल्या तीन महिन्यांत न आलेले कोण हे काढता आलं. काका दर सोमवारी दुपारी त्या यादीतल्यांना फोन करतात. "गोळ्या संपल्या असतील की, येऊन जावा." काही जण गोव्यात असतात, काहींचा फोन लागत नाही. पण येणारे वाढले, हे मला ओपीडीत बसल्या जागी जाणवतं.

आणि तो आलेख! प्रत्येक भेटीचा रक्तदाब भरत गेलं की एका टिचकीवर त्याची रेघ दिसते. कौलांच्या भट्टीवरचे एक मामा दोन वर्षं मला सांगत होते, बरं वाटतंय की, गोळी कशाला. एक दिवस पडदा त्यांच्याकडं वळवला. गोळी चालू असतानाचा उतार आणि सोडल्यानंतरची चढण. त्यांनी बोट लावून विचारलं, "हे शिमग्याला गावी गेलतो तवाचं काय?" तेच होतं. त्यानंतर त्यांनी गोळी सोडलेली नाही.

पडदा वळवायचं मी एका आजीकडून शिकले. सुरुवातीचे दोन-तीन महिने मी सारखी टाईप करत असायची. नंदगडच्या या आजी बाबांपासूनच्या पेशंट. त्या मध्येच बोलायच्या थांबल्या. म्हणाल्या, "बाबा माज्या तोंडाकडं बघून बोलायचे गं. तू बघंनास झालीस." मला ते फार लागलं. त्याच आठवड्यात टेबल हलवलं. आता पडदा माझ्या आणि पेशंटच्या मध्ये नाही, बाजूला आहे, दोघांना दिसेल असा. तपासताना मी काही लिहीत नाही. पेशंट कपडे सावरून उठेपर्यंतच्या दोन मिनिटांत भरते. दिवसाला सत्तरच्या पुढं पेशंट झाले की हे जमत नाही, मग नर्सताई वजन-रक्तदाब-ताप बाहेरच भरून आत पाठवतात. नवीन घेणाऱ्यांनी पहिले दोन महिने रोजच्यापेक्षा कमी पेशंट बघायची तयारी ठेवावी.

लहान गावात गुपित राहणं अवघड असतं. काउंटरवर बसणारा माणूस पेशंटचा चुलतभाऊ असू शकतो. ओपन ईएमआरमध्ये प्रत्येकाला वेगळं लॉगिन आणि वेगळे अधिकार देता येतात. काकांना नाव, गाव, येण्याची वेळ दिसते, माझ्या नोंदी दिसत नाहीत. हे मी काकांना समोर बसवून सांगितलं, कारण चाळीस वर्षं सगळे कागद त्यांच्याच हातातून गेलेत. ते म्हणाले, "बरं केलंस. मला कुणी विचारलं तर खरंच ठाऊक नाही म्हणता येतंय." कुणी कुठली फाईल केव्हा उघडली याची नोंदही प्रोग्राम ठेवतो. पाळी चुकली म्हणून एकटी आलेली कॉलेजची मुलगी माझ्यासमोर मोकळं बोलते, त्यामागं हेही आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण ही काळजी कायद्याच्या आधीपासून आपली आहे.

सुरक्षेबद्दल एक कळकळीचं सांगणं. २०१८ मध्ये संशोधकांनी ओपन ईएमआरमधल्या वीसहून जास्त त्रुटी दाखवून दिल्या होत्या आणि प्रकल्पातल्या लोकांनी त्या दुरुस्त केल्या. मुक्तस्रोत प्रोग्रामचा हा मोठा गुण आहे, दोष उघड्यावर येतो आणि उघड्यावर बुजवला जातो. पण दुरुस्ती आपल्या मशीनवर चढवायचं काम आपलं. भाचा दर तीन महिन्यांनी येऊन तेवढं करतो. आमचा डेस्कटॉप बाहेरच्या इंटरनेटला कायमचा जोडलेला नाही. घरून बघता यावं म्हणून तो उघड्यावर ठेवायचा मोह होतो. जाणकार माणूस हाताशी नसेल तर अजिबात ठेवू नका. रोज रात्री दवाखाना बंद करताना कुलूपबंद बॅकअप एका डिस्कवर घेतो. दोन डिस्क आहेत, एक दवाखान्यात, एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. मलप्रभेला पूर आला आणि दवाखान्यात पाणी शिरलं तरी एक डिस्क कोरडी राहील.

काय नाही तेही सांगते. क्षयरोगाचा पेशंट कळवणं खासगी डॉक्टरांना २०१२ पासून सक्तीचं आहे. ते सरकारच्या निक्षय या वेबसाईटवर जाऊन आम्ही वेगळं भरतो, म्हणजे एकच माहिती दोनदा. औषधाची चिठ्ठी इंग्रजी मोठ्या अक्षरांत छापून निघते, मेडिकलवाल्याला वाचायला सोपी. पण आजीला ती काय कळणार? म्हणून काका अजून प्रत्येक पाकिटावर पेनानं चित्र काढतात : सकाळला उगवता सूर्य, दुपारला पूर्ण सूर्य, रात्रीला चंद्रकोर. मराठी असो की कन्नड, चंद्रकोर सगळ्यांना कळते.

छापील सारांशाचा उपयोग मात्र आमच्या भागात इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त आहे असं मला वाटतं. आमचा पेशंट बेळगावला सिव्हिलला किंवा केएलईला जातो, तसाच गोव्यात कामाला असताना आजारी पडला तर बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातो. चंदगडकडचा असला तर कोल्हापूरला सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात. तीन राज्यांतल्या तीन दवाखान्यांत त्याची ओळख नाही, कागद नाही. पूर्वी हे लोक "एक पांढरी गोळी आणि एक पिवळी" एवढंच सांगू शकायचे. आता निघताना मी एक पान छापून देते : आजार, औषधं, काय सोसत नाही, शेवटचे रक्तदाब आणि साखर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आधारकार्डाबरोबर ठेवायला सांगते. सल्फाच्या त्या आजींचा मुलगा फोंड्याला असतो. त्यांचं पान मी दोन प्रतींत काढलं, एक त्याच्या पाकिटात आहे.

ज्यांना बघायचं असेल त्यांनी बुधवारी दुपारी या, तेव्हा ओपीडी नसते. काका दाखवतील. बाबांच्या कप्प्यांतले अजून सहा हजारांवर कागद चढवायचे राहिलेत, काका रोज पाच चढवतात, आणि लाल शाई दिसली की ती ओळ आधी भरतात. जांबोटी संपली, गुंजी संपली. सध्या हलशी चालू आहे.